छापण्याची जाळी आणि खानदेशचें ऊन

लग्नसराई आली म्हणजे जळगांव व धुळें येथील लहान छापखान्यांत, आणि कित्येक घरांतहि, पत्रिका छापण्याची घाई उडते. या छपाईस मोठें यंत्र लागत नाहीं. चौकटीवर ताणलेली जाळी, रबराची पट्टी व शाई एवढ्यावर काम भागतें. मात्र जाळी बिघडली तर सारेंच बिघडतें. म्हणून ती कशी सिद्ध करावी, हें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

पूर्वीं ही जाळी रेशमाची असे. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनीं १९०७ सालीं या पद्धतीचें पेटंट घेतलें. आतां रेशमाची जागा पॉलिएस्टरनें घेतली आहे. अक्षर उमटविण्याचें काम मात्र प्रकाश करतो. १८३९ मध्यें स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांस डायक्रोमेट क्षारावर प्रकाशाचा परिणाम होतो असें आढळलें. आणि हा क्षार मिसळलेला सरस प्रकाशानें कठीण होतो, हें पुढें दिसून आलें. चाळीसगांवच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांच्या छायाचित्रांमुळें प्रकाशाची कला खानदेशास परिचित आहेच. येथें तोच प्रकाश चांदीऐवजीं सरसावर काम करतो.

प्रथम जाळी साबणानें धुवून तेलकटपणा काढावा व ती पूर्ण वाळवावी. इमल्शनमध्यें डायझो मिसळून, बुडबुडे जाईपर्यंत तें तासभर झांकून ठेवावें. नंतर पिवळ्या दिव्याच्या उजेडांत, आधीं कागदाकडील बाजूस व मग आंतून, त्याचा पातळ व सारखा थर द्यावा. जाळी कागदाकडील बाजू खालीं करून, अंधारांत आडवी वाळत ठेवावी. पत्रिकेसाठीं बारीक विणीची आणि कापडासाठीं जाड विणीची जाळी घ्यावी.

येथेंच आपल्या हवामानाचा प्रश्न येतो. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उष्णतेनें इमल्शन प्रकाशाविनाच कठीण होऊं लागतें, आणि मग धुतांना अक्षर उघडत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत हें काम रात्रीं, धूळ नसलेल्या खोलींत करावें. पावसाळ्यांत उलट अडचण असते. दमट हवेंत थर आंतून ओला राहतो व धुतांना सुटून येतो.

वाळलेल्या जाळीवर काळ्या मजकुराची पारदर्शक फिल्म कांचेखालीं घट्ट दाबून प्रकाश द्यावा. काळ्या अक्षरांखालचा भाग मऊ राहतो, बाकीचा कठीण होतो. पाणी मारतांच अक्षरें मोकळीं होतात. प्रकाश कमी पडला तर थर चिकट होऊन सुटतो. जास्त झाला तर बारीक रेषा बुजतात; आणि देवनागरींत अनुस्वार किंवा रेफ बुजला तर वराचें नांवच बदलावयाचें! वेळ अंदाजानें ठरवूं नये. एका टाकाऊ जाळीवर पुठ्ठा थोडथोडा सरकवीत वेगवेगळ्या वेळेच्या पट्ट्या घ्याव्यात व ज्या पट्टींत अनुस्वार स्वच्छ दिसतो, तोच वेळ वहींत टिपून ठेवावा. ऊन तासागणिक व ऋतूप्रमाणें बदलतें; म्हणून उन्हावर काम करणाऱ्यानें हा प्रयोग वारंवार करावा.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. जुन्या कारागिरांनीं वापरलेलें डायक्रोमेट विषारी व कर्करोगकारक आहे. डायझो उपलब्ध असतां तें घरांत आणण्याचें कारण उरलें नाहीं. जुना साठा असेल तर तो मोरींत ओतूं नये. रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्यांच्या स्वाधीन करावा. कोणत्याहि इमल्शनचें काम करतांना हातमोजे घालावेत, आणि स्वयंपाकाचीं भांडीं त्यासाठीं कधींहि वापरूं नयेत. घरची छपाई घराला मिळकत देते. तिनें घरच्या माणसांचें आरोग्य घेतां कामा नये.