अंतर मोजायचं कोणी?

गेल्या वेळी कबूल केलेला वेक टर्ब्युलन्सचा, म्हणजे विमानामागच्या भोवऱ्यांचा, विषय आणखी आठवडाभर थांबेल. सनीव्हेलला लेकीकडे जाऊन आलेल्या एका वाचक बाईंनी जाब विचारलाय : सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना आमच्या शेजारून दुसरं विमान चाललं होतं, त्याच्या खिडक्या दिसत होत्या. तुम्ही तर दोन विमानांत किमान तीन मैल अंतर हवं असं सांगितलं होतं!

विषय माझ्या फार आवडीचा, त्यामुळे मोह आवरेना. तिथल्या २८ लेफ्ट आणि २८ राइट या धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत अंतर ७५० फूट, म्हणजे २२९ मीटर. एअरबस ए-३५० चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ६५ मीटर. दोन्हीकडे ए-३५० आली, तर पंखांच्या टोकांमध्ये उरतात १६४ मीटर.

आणि तरी हा ‘लॉस ऑफ सेपरेशन’, म्हणजे किमान अंतराचा भंग, नव्हे. आडवे तीन मैल किंवा उभे हजार फूट हा हिशेब कंट्रोलरचा. वैमानिकाने ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणून व्हिज्युअल सेपरेशन पत्करलं की अंतर राखण्याची जबाबदारी त्याच्या डोळ्यांवर येते. उलट रडारच्या भरवशावर वळणारी, एकाच उंचीवरची दोन विमानं पावणेतीन मैलांवर आली, तर नोंद होते, चौकशी लागते. विमानतळालगतच्या खाडीवर ढग उतरले की डोळ्यांचा उपयोग संपतो; एकेकाळी तासाला साठेक विमानं उतरवणारा हा विमानतळ अशा वेळी तिशीवर यायचा.

धावपट्ट्या एकमेकींपासून पुरेशा दूर असतील, तर ढगांतही दोन्हीकडे स्वतंत्रपणे उतरता येतं. दोन्ही वाटांच्या मधे २००० फूट रुंदीचा ‘नो ट्रान्सग्रेशन झोन’ आखतात आणि त्यावर केवळ नजर ठेवायला वेगळे कंट्रोलर बसतात. पाठीवरच्या वाऱ्याने वळण लांबलं किंवा वैमानिकाने चुकून शेजारच्या धावपट्टीची फ्रीक्वेन्सी लावली, की विमान त्या पट्ट्यात घुसतं. अशा वेळी चुकणाऱ्याची समजूत घालत बसत नाहीत. बिचाऱ्या सरळ चाललेल्यालाच ताबडतोब वळवून बाजूला काढतात. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते.

ऑक्टोबर २०२३ मधला लुफ्तान्साचा किस्सा आठवतच असेल. म्युनिकहून आलेलं ए-३५०, रात्रीची वेळ. रात्री व्हिज्युअल सेपरेशन घ्यायचं नाही, हा कंपनीचा नियम. वैमानिकाने आयएलएस, म्हणजे उपकरणांच्या आधारे उतरण्याची वाट, मागितला. त्याच्यासाठी रांगेत मोठी फट पाडावी लागणार होती. ताटकळून अखेर विमान ओकलंडला गेलं. पुष्कळांनी त्या वैमानिकाला हटवादी ठरवलं. मी त्याच्या बाजूचा. खाडीकाठच्या त्या दिव्यांच्या गर्दीत नेमका कुठला दिवा विमानाचा, हे पैजेवर कोण सांगणार?

बाईंचा दुसरा प्रश्न : आमचं विमान मोठं, तरी त्या छोट्याच्या पुढे का गेलं नाही? पुढे जाऊच देत नाहीत. मोठ्याच्या पंखांमागे सुटणारे भोवरे वाऱ्याबरोबर छोट्याच्या वाटेत सरकू शकतात. म्हणजे आलोच की वेकवर. पुढच्या आठवड्यात नक्की.