दूध पिताना दमणारे बाळ

बाळ चार घोट घेते, कपाळावर घाम येतो, धाप लागते आणि ते झोपी जाते. ‘आईचे दूधच अंगी लागत नाही,’ असे म्हणून घरची मंडळी वरचे दूध सुरू करतात. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेल्या बाळात दोष दुधाचा नसतो. छिद्रातून जादा रक्त फुप्फुसांकडे जाते. हृदयाला आणि श्वासाला इतके श्रम पडतात की घेतलेले दूध त्यातच खर्ची पडते. अशा बाळाला इतरांपेक्षा जास्त उष्मांक हवेत, आणि पिण्याची ताकद मात्र कमी!

म्हणून डोके उंच धरून, दर दोन तासांनी थोडे थोडे अंगावर पाजावे. अर्ध्या तासात दमले तर उरलेले, काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे. तेही जमत नसेल तर डॉक्टर नाकातून नळी घालतात; तिला भिऊ नये. दुधात पाणी घालू नये, मध-घुटी तर नकोच. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. शस्त्रक्रिया कधी करायची हे ठरवताना डॉक्टर तो आकडा पाहतात. ओठ निळे पडले किंवा बाळाने दूध घेणेच सोडले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.