उपाशी स्नायू

आमच्या वाड्यात एक तात्या राहायचे. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा उजवा हात कोपराजवळ मोडला आणि त्यावर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या गेल्या. पुढे जन्मभर बोटं तळव्यात मिटलेली. मनगट खाली वाकवलं की मात्र ती उलगडायची. तात्या कपाचा कान बोटांत घ्यायचे, मनगट सरळ करायचे, की बोटं आपोआप मिटून कप पक्का धरला जायचा. ‘नस दबली’ असं सगळे म्हणत. ती नस नेमकी कशी दबली, या प्रश्नाने माझी पाठ कधीच सोडली नाही.

नस दबली हे खरं, पण मूळ दुखणं रक्ताचं होतं. हे ठासून सांगितलं हाले विद्यापीठातल्या रिचर्ड फोन फोल्कमान या शल्यचिकित्सकाने, १८८१ साली, एका छोट्या लेखात. मज्जातंतू तुटला तर हात आधी लुळा पडतो, आखडतो तो बऱ्याच काळाने. घट्ट बांधलेल्या हातात मात्र लुळेपणा आणि आखडणं जवळपास बरोबरच येतं. म्हणजे स्नायूच रक्तावाचून मेलेला असतो. नुसत्या निरीक्षणातून काढलेला हा निष्कर्ष मला आजही थक्क करतो. हेच फोल्कमान १८७०-७१च्या युद्धात फ्रान्समध्ये असताना परीकथा लिहीत होते; रिचर्ड लिआंडर या टोपणनावाने त्यांचं पुस्तक निघालं. इतकं बारीक पाहणारा माणूस गोष्टीही लिहायचा, याचं मला नवल वाटत नाही.

स्नायू मेल्यावर मज्जातंतू कितीही नीट जोडा, हुकूम ऐकायला पलीकडे कोणी उरलेलं नसतं. मग दुसरीकडचा जिवंत स्नायू आणावा लागतो, त्याच्या धमनी, शीर आणि मज्जातंतूसकट. जपानमध्ये नारा इथे तामाई यांनी १९७० साली कुत्र्यांवर हे साधून दाखवलं. माणसावरचा पहिला प्रयोग १९७३ सालचा, शांघायच्या सहाव्या जनता रुग्णालयातला. रोगी फोल्कमानच्याच विकाराचा. छातीवरच्या मोठ्या स्नायूचा एक भाग त्याच्या अग्रबाहूत बसवला गेला.

त्याचा अहवाल १९७६ साली छापून आला. लेखकाच्या जागी फक्त रुग्णालयाचं नाव. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती चालू होती. ज्या हातांनी मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने टाके घातले, त्या हातांचं नाव कागदावर नाही. याच रुग्णालयात १९६३ साली चेन चुंगवेई आणि सहकाऱ्यांनी एका कामगाराचा तुटलेला हात पुन्हा जोडला होता. ते नाव जगभर गेलं. या निनावी पानाने मला जास्त अस्वस्थ केलं. श्रेय वाटून घेणं वेगळं आणि पुसलं जाणं वेगळं.

पुढे मांडीच्या आतला ग्रॅसिलिस हा लांबट स्नायू सर्वांच्या पसंतीस उतरला. तो काढल्याने चालणं फारसं अडत नाही. टोरांटोच्या मँक्टेलो यांची एक युक्ती माझी फार लाडकी: स्नायू मांडीतच पूर्ण ताणायचा, त्यावर दर ५ सेंटिमीटरला टाक्याची खूण करायची आणि हातात बसवताना खुणांमधलं तेच अंतर परत आणायचं. ताण चुकला तर जिवंत स्नायूही ढिला दोर ठरतो.

आज हा स्नायू लागतो तो बहुधा दुचाकीवरून पडलेल्या तरुणांना. खांदा आणि मान विरुद्ध दिशांना हिसडली जातात, मज्जातंतूंची मुळं कण्यातून उपटतात. काहींची हंसळीमागची मोठी धमनीही फाटते. यामागुची प्रांतातले काझुतेरू दोई अशा लुळ्या हातात दोन ग्रॅसिलिस बसवून कोपर आणि पकड दोन्ही परत आणू लागले. एरवी नव्या स्नायूला रक्त मिळतं ते खांद्यापुढच्या धमनीच्या फांदीतून. मूळ धमनीच फाटलेली असेल तर त्या फांदीचा भरवसा काय? म्हणून आधी अँजिओग्राफी करून रक्ताची वाट तपासायची. गरज पडली तर पायातली शीर काढून लांबच्या निरोगी धमनीपर्यंत पूल बांधायचा. माझ्या मते अशा हाताची खरी परीक्षा इथेच होते. मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, त्याच्यासाठी महिनोन् महिने थांबता येतं. स्नायू रक्तावाचून काही तासच तग धरतो.

नव्या स्नायूला पुष्कळदा बरगड्यांमधला, श्वासाचा मज्जातंतू जोडतात. म्हणून महिन्यांनी पहिली हालचाल येते तीही श्वासाबरोबर. रोगी छाती भरून श्वास घेतो आणि मांडीवर ठेवलेला हात कोपरात किंचित थरथरतो.