कागदपत्रांना लागणारी कसर व तिचा बंदोबस्त

पिकावरील किडीविषयी शेतकरी जागरूक असतो. परंतु घरातील पेटीत ठेवलेले खरेदीखत, वाटणीपत्र, जुने उतारे आणि साखर कारखान्याच्या भागाचा दाखला यांवर जगणाऱ्या किडीकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. पेटी वर्षानुवर्षे उघडली जात नाही, आणि उघडली जाते ती नेमकी कागदाची निकड असते त्या दिवशी. सही-शिक्क्याची जागाच कुरतडली गेल्याचे त्या वेळी आढळले, तर हळहळण्यावाचून काही उरत नाही.

श्रीरामपूर परिसराला जुन्या कागदाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. येथील अनेक शेतकऱ्यांनी खाजगी साखर कारखान्यांना आपल्या जमिनी खंडाने दिल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर त्या १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांच्या वारसांना त्या परत मिळू लागेपर्यंत जवळजवळ अर्धे शतक लोटले. आजोबांच्या नावाचा कागद नातवाने दाखवावा लागतो, तो असा. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळू शकते व सातबारा आता संगणकावरही मिळतो; परंतु घरगुती वाटणीचा लेख किंवा जुनी पावती एकदा गेली की गेलीच.

कसर हा शब्द आपल्याकडे दोन-तीन निरनिराळ्या किडींना लावतात. लोकरीचे कपडे खाणारी अळी वेगळी. येथे विचार करावयाचा आहे तो रुपेरी किड्याचा. हा सुमारे अर्धा इंच लांब, चपटा व बिनपंखी असतो. डोक्याकडे रुंद व शेपटीकडे निमुळता, अंगावर चकाकणारे खवले, पुढे दोन लांब मिशा आणि मागे तीन बारीक शेपट्या, अशी त्याची खूण आहे. बोटाने चिरडल्यास रुपेरी भुकटी लागते. तो रात्री हिंडतो व उजेड पडताच माशासारखा सळसळत फटीत शिरतो. माणसास तो चावत नाही, रोगही पसरवीत नाही. कागदाचा पृष्ठभाग खरवडला जाऊन जागोजागी पातळ झाला असेल, वेड्यावाकड्या कडांची भोके, पिवळट डाग व मिऱ्याच्या पुडीसारखी विष्ठा दिसत असेल, तर ते काम याचे समजावे. मातीचे अस्तर दिसल्यास ती वाळवी होय. तिचा उपाय निराळा आहे.

पिष्ट व साखर हे त्याचे आवडते खाद्य. वह्यांच्या बांधणीतील मैद्याची खळ, कांजी केलेले सुती कापड, कागद आणि ओलीवर धरलेली बुरशीही तो खातो. अन्नावाचून तो कित्येक महिने तग धरतो; मात्र दमट हवेवाचून त्याची वाढ होत नाही. मादी फटींतून थोडी थोडी अंडी घालते. पिले आकाराने लहान, पण रूपाने मोठ्या किड्यासारखीच असतात आणि किडा दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. म्हणून आज झाडून काढले व काम संपले, असे होत नाही.

श्रीरामपूर हा पर्जन्यछायेतील भाग असताना येथे इतका दमटपणा कोठून येतो, असा प्रश्न पडेल. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांखाली काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. ही माती पाणी धरून ठेवते. पाटालगतच्या अगर उसाच्या मळ्यातील घराच्या भिंतींना पायापासून ओल चढते आणि भिंतीतील फडताळ, मोरीलगतची खोली व खाटेखालील ट्रंक या जागा किड्याला सोयीच्या होतात.

तेव्हा पहिला इलाज औषधाचा नसून ओल काढण्याचा आहे. मोरीचे पाणी घरापासून दूर न्यावे. गळके कौल व पत्रा बदलावा, भिंतीच्या फटी बुजवाव्यात. ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर अगर घडवंचीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. पावसाळ्यापूर्वी, श्रावणातील उघडिपीत आणि दिवाळीच्या साफसफाईत असे वर्षातून तीनदा कागद बाहेर काढून, झटकून, सावलीत वाऱ्यावर पसरावेत. कडक उन्हात तासन्‌तास ठेवल्यास शाई विटते. दमट कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, बुरशी धरते. मूळ दस्त प्लास्टिकमध्ये कायमचा चिकटवून घेण्याची हल्लीची रीतही बरी नव्हे. नक्कल करून ती वापरात ठेवावी. ओला कडुनिंबाचा पाला पेटीत घालणारे लोक नकळत ओलच वाढवितात.

एवढ्यानेही किडे दिसल्यास मोरी व फडताळाच्या फटींत बोरिक पावडर, कॅरम खेळणाऱ्यांच्या परिचयाची तीच, अगदी पातळ भुरभुरावी. ती कोरडी राहील तोवरच उपयोगी पडते. मुले, जनावरे व धान्य यांपासून ती दूर असावी आणि पिठाच्या डब्याजवळ कधीही ठेवू नये. डांबरगोळ्यांचा वास बंद पेटीत किड्यांना दूर ठेवतो, पण तान्ह्या मुलांच्या कपड्यांत त्या घालू नयेत. शेतातील फवारणीचे औषध घरात मुळीच वापरू नये. एके काळी घरोघर धुरळली जाणारी बी.एच.सी. भुकटी १९९७ पासून देशात बंद आहे. माळ्यावर तिचा जुना डबा सापडल्यास तो उघडू नये.

बिनखर्चाचा एक सापळा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर करून दाखवावा. काचेच्या बरणीला बाहेरून जुन्या कापडाची पट्टी गुंडाळावी, आत अर्धा चमचा गव्हाचे पीठ टाकावे आणि ती रात्री ट्रंकेजवळ ठेवावी. पट्टीवरून किडा वर चढतो व आत पडतो. गुळगुळीत काचेवरून त्याला बाहेर येता येत नाही. सकाळी बरणी साबणाच्या पाण्यात रिकामी करून, धुऊन कोरडी करावी. ज्या कोपऱ्यात रोज अधिक किडे सापडतील, तेथील भिंतीची ओल आधी तपासावी.