समुद्रकाठचे बिऱ्हाड आणि दोन बोलींचा शेजार

सुटीत परगावी जाऊन राहण्याचे तीन प्रकार मराठीत परंपरेने वेगळे ओळखले जातात. आप्तांकडे जाऊन राहणे हा पाहुणचार. हॉटेलात अथवा धर्मशाळेत उतरणे हा मुक्काम. आणि घर भाड्याने घेऊन, शिधा आपण आणून, चूल आपण पेटवून राहणे हे बिऱ्हाड. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीवरून त्या शब्दात निवारा आणि चीजवस्तू हे दोन्ही अर्थ कसे एकवटले आहेत, हे ध्यानात येते. नागपूरचे एखादे कुटुंब सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एखाद्या निवांत किनाऱ्यावर, भोगवे किंवा आचरे यांसारख्या गावी, आठ-दहा दिवस घर घेऊन स्वतः रांधून राहते, तेव्हा ते या तिसऱ्या प्रकाराने राहत असते. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हाच प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. कारण मराठीच्या दोन दूरस्थ बोली ज्या थोड्या ठिकाणी एकमेकींना खरोखर भिडतात, त्यांपैकी हे एक ठिकाण होय.

या भेटीला फार मोठा इतिहास नाही. मध्यप्रांताची उन्हाळी राजधानी पचमढी येथे होती आणि वऱ्हाडात चिखलदरा होते. त्यामुळे हवापालटासाठी जाणाऱ्या नागपूरकराची वाट बहुधा सातपुड्याकडे वळत असे. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नागपूर व मालवण एका राज्यात आली, तरी त्यांच्यातील अंतर रेल्वेमार्गाने हजार किलोमीटरांहून अधिकच राहिले. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून विदर्भातील कुटुंबांना कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही स्थानके आवाक्यात आली.

हॉटेलात उतरणाऱ्याला स्थानिक बोलीची गरज फारशी पडत नाही. छापील पदार्थसूची प्रमाण मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत असते आणि वाढपी तीच नावे उच्चारतो. बिऱ्हाड करणाऱ्याला ही सवलत नाही. त्याला भांडे मागावे लागते, भाजी निवडावी लागते, मासळीचा वाटा ठरवावा लागतो. ही देवघेव मुख्यतः दोन गृहिणींमध्ये होते आणि तिचा शब्दसंग्रह पाठ्यपुस्तकातून कोणीच शिकलेले नसते. शाळा, वृत्तपत्र व नभोवाणी यांनी प्रमाण मराठी सर्वत्र नेली. परंतु उलथन्याला काय म्हणावे, हे त्यांनी क्वचितच सांगितले. म्हणून बोलीभेद जेथे अधिक टिकून राहिला, अशा क्षेत्रांत स्वयंपाकघराची गणना करावी लागते.

या देवघेवीतील शब्दांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात वस्तू एक व शब्द दोन असतात. नागपूरकडील ‘आलू’ किनाऱ्यावर ‘बटाटा’ असतो, मालवणीत ‘बटाटो’. ‘फल्ली’ म्हणजे भुईमूग; ‘लौकी’ म्हणजे दुधी भोपळा; ‘झिंगे’ म्हणजे कोळंबी, जिला मालवणीत ‘सुंगटां’ म्हणतात; मिरची तेथे ‘मिरसांग’ होते. या भेदामागे इतिहास आहे. विदर्भाचा शेजार हिंदीचा, म्हणून ‘आलू’, ‘लौकी’, ‘टमाटर’ हे शब्द तेथे रुळले. किनाऱ्याचा संबंध पोर्तुगीजांशी आला, म्हणून ‘बटाटा’ समुद्रमार्गे आला व पुढे देशावर पसरला. ‘पत्ताकोबी’ या नागपुरी शब्दात तर दोन्ही वाटा एकत्र आलेल्या दिसतात; त्यातील ‘पत्ता’ हिंदीकडून आला आहे आणि ‘कोबी’ पोर्तुगीजांकडून. या वर्गातील शब्दांमुळे व्यवहार क्षणभर अडतो, पण बिघडत नाही. ऐकणाऱ्याला शब्द कळला नाही हे तत्काळ उघड होते. बोट दाखवून वस्तू घेतली जाते आणि दोघींनाही एकेक नवा शब्द मिळतो.

दुसरा वर्ग याच्या उलट आहे. तेथे शब्द एक व वस्तू दोन असतात. विदर्भात ‘सांभार’ म्हणजे कोथिंबीर. मालवणी स्वयंपाकात ‘सांबारे’ म्हणजे ओल्या वा भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण घालून केलेली रसभाजी, उदाहरणार्थ काळ्या वाटाण्यांची. संस्कृत ‘संभार’ म्हणजे जमवलेले साहित्य. दोन्ही अर्थांचे नाते या शब्दाशी जोडता येते. विदर्भात ‘कोहळे’ म्हणजे तांबडा भोपळा. किनाऱ्यावर ‘कोहळा’ मागितला तर ज्याचा पेठा करतात ते पांढरट फळ पुढे येते. विदर्भात ‘गंज’ म्हणजे खोल पातेले आणि ‘कोपर’ म्हणजे परात. नागपूरच्या गृहिणीने घरमालकिणीकडे मोठा गंज मागितला, तर तिला तो लोखंडावर चढणारा तांबेरा वाटावा आणि कोपर मागितल्यास हाताकडे पाहावे, हे स्वाभाविक आहे. ज्या पातेल्याची मागणी झाली, त्याला तेथे ‘टोप’ म्हणतात. घरमालकीण ‘वाटप’ केले काय म्हणून विचारते, तेव्हा तिला खोबऱ्याचे वाटण अभिप्रेत असते. नागपूरकरणीला मात्र वस्तूंची वाटणी आठवते. मालवणीतील ‘वाटप’ आणि ‘रांदप’ ही -प प्रत्ययाने साधलेली धातुसाधित नामे आहेत. प्रमाण मराठीतील ‘वाटप’ हा शब्द ‘विभागून देणे’ या अर्थाच्या दुसऱ्याच ‘वाटणे’ धातूपासून आला आहे.

‘खळे’ हा शब्द या वर्गात विशेष बोधप्रद आहे. मालवणी ‘खळां’ म्हणजे घरापुढील सारवलेले अंगण. बिऱ्हाडकरूंनी संध्याकाळी बसायचे ते तेथेच. विदर्भात ‘खळे’ शेतात असते, तेथे धान्याची मळणी होते. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्यामुळे ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तसे खेड्यात त्याचे ‘खयं’ होते. तथापि हे दोन अर्थ परस्परांना परके नाहीत. कोकणात शेताचे तुकडे लहान आणि घर जवळ, म्हणून भाताची झोडणी व वाळवण घरापुढेच होत असे. त्यामुळे मळणीच्या जागेचे नाव अंगणाला मिळाले. विदर्भात शिवार मोठे आणि घर गावठाणात, म्हणून खळे व अंगण वेगळे राहिले. भूमीच्या रचनेने शब्दाचा अर्थ कसा वळवला, हे येथे स्पष्ट दिसते.

दुसऱ्या वर्गातील गैरसमजाचे लक्षण असे की, तो झाल्याचे लगेच कळत नाही. दोघींनाही शब्द समजल्यासारखा वाटतो. चूक उघड होते ती वस्तू हाती आल्यावर किंवा पानात वाढल्यावर. म्हणून बोलीसर्वेक्षणात केवळ ‘अमक्याला काय म्हणता?’ असे विचारणे पुरेसे नाही. ‘अमका शब्द तुमच्याकडे कशाला म्हणतात?’ असाही प्रश्न केला पाहिजे, आणि शक्यतो वस्तू समोर ठेवून केला पाहिजे.

तिसरा वर्ग अनपेक्षित साम्याचा आहे. प्राचीन मराठीतील ‘रांधणे’ हे क्रियापद पांढरपेशा प्रमाण भाषेत ‘स्वयंपाक करणे’ या प्रयोगाने बरेच मागे सारले आणि ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ यांसारख्या ठराविक उक्तींपुरते ठेवले. विदर्भाच्या खेड्यांत मात्र भाजी अजूनही रांधली जाते आणि मालवणीत ‘रांदप’ हा रोजचा शब्द आहे. भाषेच्या मध्यवर्ती प्रदेशात नवे रूप रुळते आणि कडेच्या प्रदेशांत जुने टिकते, हे तत्त्व भाषाभूगोलात सुपरिचित आहे. एकमेकींना अपरिचित असलेल्या दोन गृहिणींचा हा समान शब्द त्याचे घरगुती उदाहरण ठरतो.

मराठी बोलींचा अभ्यास या क्षेत्राकडे पुरेसा वळलेला नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी व नागपुरी यांचे नमुने आहेत. परंतु त्या सर्वेक्षणाचा मुख्य आधार उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे बोलीनिहाय रूपांतर हा होता. त्या कथेत मेजवानी आहे, पण तिच्या स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांची नावे नाहीत. अ. मा. घाटगे यांचा कुडाळीवरील ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि दक्षिण कोकणच्या बोलीच्या शास्त्रशुद्ध वर्णनाचा पाया घातला गेला. अशा वर्णनांत एका बोलीची व्यवस्था उलगडते. दोन बोली एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या असता काय घडते, हा प्रश्न निराळा असतो.

हा प्रश्न तातडीचाही आहे. पर्यटनाचा व्यवसाय वाढू लागला, तसे घरमालक पाहुण्याच्या सोयीने बोलू लागले. ज्याला बिऱ्हाड म्हटले असते त्याला पाटीवर ‘होम-स्टे’ म्हणतात; खळ्याला अंगण म्हणतात; सुंगटांना कोळंबी आणि पुष्कळदा ‘प्रॉन्स’ म्हणतात. पाहुणेही ‘सांभार’ गिळून ‘कोथिंबीर’ म्हणतात, कारण आपला शब्द गावंढळ ठरेल अशी धास्ती असते. अशा रीतीने दोन्ही बाजू आपापली बोली मागे घेतात व मधल्या प्रमाण भाषेत भेटतात. व्यवहार सुकर होतो, परंतु दोन्हीकडील मुलांच्या कानांवर ते शब्द पडेनासे होतात. घरात ऐकू न येणारा शब्द पुढील पिढीत बोलला जाईल, अशी अपेक्षा करता येत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला येथे थोड्या साधनांनिशी काम करता येण्याजोगे आहे. भांडी, भाज्या, मासळी, धान्ये, घराचे भाग व मोजमापे अशा सहा गटांत प्रत्येकी वीस वस्तूंची यादी करावी. प्रत्येक नोंदीसोबत बोलणाऱ्याचे वय व गाव लिहावे आणि तो शब्द घरात उच्चारला गेला की पाहुण्यासमोर, हे आवर्जून नोंदवावे. कारण माघार कोठे घेतली जाते, ते त्यावरूनच उमगते. यादीची सुरुवात नागपुरात आपल्याच घरातील वयोवृद्ध स्त्रियांपासून करणे उचित होय. ‘गंज’, ‘कोपर’, ‘सराटा’, ‘गडवा’ हे शब्द ज्यांच्या तोंडी आजही सहज येतात त्या तेथेच आहेत, आणि किनाऱ्यावर जाऊन तुलना करावयाची तर ती या शब्दांशीच करावी लागेल.