वेळ झाली की सुटणारी गाडी

१९८९ साली माझी बदली सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावच्या शाखेत झाली. गावाला डांबरी रस्ता नव्हता, पण एसटी होती. रात्री आठला धुरळा उडवत येई, चावडीपुढे मुक्काम करी आणि पहाटे साडेपाचला तालुक्याला निघे. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकत. कुणाच्या ना कुणाच्या घरून त्यांना भाकरी येई. पहाटे इंजिन सुरू झालं की गावातल्या चुली पेटत.

माझ्या आजोबांच्या तरुणपणी बैलगाडीखेरीज खासगी ‘सर्व्हिस मोटार’ एवढीच काय ती सोय. मालकाच्या मोटारीला वेळ नसे. उतारू भरेपर्यंत ती अड्ड्यावर उभी! १९३९च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांना थोडी शिस्त आली, तरी बिनफायद्याच्या आडगावी कोण जाणार? पुढे तेव्हाच्या मुंबई राज्याने ही वाहतूक स्वतः करायचं ठरवलं आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड अशा नाना कंपन्यांच्या गाड्या त्या काळात होत्या. पुणे-महाबळेश्वरसाठी ‘नीलकमल’सारखी पडद्यांची आरामगाडीही पुढे आली. पण खेड्यातल्या माणसाला एसटीने दिलेली खरी चैन होती ती वेळापत्रकाची. पाटील असो की शेतमजूर, तिकीट काढलं की बाक सारखाच. आणि दोनच उतारू असले तरी गाडी सुटणार.

ही चैन मोडण्यात माझाही हात होता.

गावातल्या पहिल्या जीपचं कर्ज मीच मंजूर केलं. पोरगा होतकरू, तारण चोख, हप्ते वेळेवर. वरिष्ठांनी पाठ थोपटली. वर्षभरात आणखी दोन प्रकरणं झाली. आमच्या भागात या जीपना ‘वडाप’ म्हणत. हात दाखवाल तिथे थांबत, दारात सोडत. लोक खूश झाले. दिवसाची गिऱ्हाइकं जीपकडे गेली, एसटी रिकामी धावू लागली, आणि माझ्या बदलीच्या आधीच्या पावसाळ्यात मुक्कामाची फेरी बंद झाली. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

आमच्या शाखेतल्या शिपायाची थोरली मुलगी पहाटेच्या त्या गाडीने कॉलेजला जायची. महिनाभरात तिचं जाणं थांबलं. मी विचारलं, तेव्हा तो टेबल पुसता पुसता म्हणाला, “जीप भरल्याबिगर सुटत न्हाई, साहेब. तवर कॉलेज भरून जातंय. आन पंधरा बाप्यांत पोरीला कुठं बसवू?” त्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्या दिवाळीनंतर मुलीचं लग्न झालं.

बँकेत आम्ही प्रत्येक कर्जाचा हिशेब मांडतो. हे कर्ज व्याजासकट वसूल झालं. त्या मुलीचं बुडालेलं कॉलेज मात्र कुठल्याच खात्यावर नावे पडलं नाही.

२०२१च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा शाळेसाठी कोस-कोस चालणारी मुलं पाहून ती मुलगी मला पुन्हा आठवली. त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावरच विजेवरची ‘शिवाई’ धावली. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट मिळालं आणि गाड्यांतली गर्दी एकदम बदलली. नव्या गाड्यांचं मला कौतुक आहेच. मी मात्र आधी वेळापत्रक पाहतो.

मध्यंतरी त्या गावी जाऊन आलो. आता रस्ता डांबरी आहे, दारोदार मोटारसायकली आहेत. शिपाई थकलाय, पण त्याने ओळखलं. सकाळी मला पोचवायला थांब्यावर आला. सोबत नातवंड होतं, थोरलीची धाकटी, बारावीला. आजोळी राहून शिकते. मोफत पास तिने दप्तरातून काढून मला दाखवला.

गाडीत आम्ही सात जण होतो. सातला पाच कमी होते. कंडक्टरने घड्याळ पाहिलं, फाट्याकडे एकवार नजर टाकली. बरोबर सातला डबल बेल दिली आणि गाडी सुटली.