स्टार्टरमधला बोर्ड जळाला म्हणजे संपला असे नव्हे



बेणे, लागण, खते आणि खोडवा यांविषयी आम्ही या पानांवर नेहमी लिहितो. या खेपेचा विषय जरा निराळा वाटेल, पण तो पाण्याच्या पाळीशीच निगडित आहे. आजकाल पुष्कळ विहिरींवर व नदीकाठच्या मोटारींवर ऑटो स्विच किंवा मोबाईलवर चालणारे स्टार्टर आहेत. तीन फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि तीही पुष्कळदा रात्री, म्हणून ही सोय हवीच. मात्र त्या डब्यातला छोटा बोर्ड बिघडला की सगळे अडते.

मागच्या उन्हाळ्यात इंद्रायणीकाठच्या एका सभासदाच्या प्लॉटवर गेलो असता ऊस दुपारीच पाने गुंडाळून उभा. विचारले तर म्हणाले, "साहेब, बोर्ड गेलंय. दुकानदार म्हणतो नवीनच टाका, अन् ते यायला आठ दिवस." उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांची पाळी असते. त्यात आठ दिवस मोटार बंद राहिली तर एक पाळी गेलीच म्हणून समजा. मोठ्या बांधणीनंतर कांड्या भराभर सुटण्याच्या काळात चुकलेली पाळी पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही; आखूड राहिलेल्या कांड्या तोडणीपर्यंत तशाच दिसतात. बोर्ड उघडला तर त्यावरील तांब्याची बोटभर रेघ जळालेली होती. बाकी सगळे शाबूत.

ही रेघ म्हणजे काय ते आधी पाहू. बोर्ड म्हणजे कागद व राळ किंवा काचतंतू व राळ यांची दाबून केलेली पाटी. तिच्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवतात, आणि नको तेवढे तांबे रसायनाने खाऊन टाकतात. उरलेल्या रेघा म्हणजेच तारा. कारागीर त्यांना 'ट्रॅक' म्हणतात. पॉल आयस्लर या व्हिएन्नात जन्मलेल्या अभियंत्याने १९३० च्या दशकात लंडनमध्ये ही छापील जोडणी पुढे आणली. नेहमीच्या बोर्डावर तांब्याची जाडी अवघी ३५ मायक्रॉन असते, म्हणजे एका मिलिमीटरच्या तीस भागांपैकी जेमतेम एक. एवढ्याशा तांब्यातून कॉइलचा करंट जातो.

मग ते जळते कशाने? "बोर्डच हलका होता" असे म्हणून आपण मोकळे होतो, पण पुष्कळ वेळा दोष बोर्डाबाहेर असतो. बोर्डावरचा रिले कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देतो. व्होल्टेज कमी असले, किंवा कॉन्टॅक्टरमध्ये कुंभारमाशीने माती भरली, मुंग्या शिरल्या, तर तो पुरता ओढला जात नाही, नुसता घुंघुं करतो. तोवर कॉइल नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचत राहते, आणि सगळ्यात बारीक जागा, म्हणजे ट्रॅक, आधी उडतो. कधी पाल दोन फेजांमध्ये येते, तर कधी जवळपास वीज पडते. दुसरा प्रकार सावकाश चालतो. दरवाजाची रबरपट्टी गेलेल्या डब्यात रात्रीचे दव शिरते, धूळ ओली होते आणि तांबे कळंकते. न कल्हई केलेल्या भांड्यावर चढतो तोच हिरवा कळंक. विजेचा दाब असलेल्या ट्रॅकवर तो अधिक लवकर चढतो व अखेर रेघ आतून खाऊन टाकतो.

तळवड्याच्या बाजूला हे काम जाणणारे लोक आहेत, असे कळल्यावरून आम्ही तिकडे चक्कर मारली. तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. जुन्या लोकांना तिथली शेतेच आठवतील. आता आयटी पार्क आणि लहानमोठे गाळे आहेत. चाकण, भोसरी, चिखली या पट्ट्यात संगणकावर चालणारी लेथ यंत्रे पुष्कळ, आणि त्यांचे बोर्ड महाग. त्यामुळे बोर्ड फेकण्याआधी दुरुस्त करून पाहण्याची तिकडे रीतच आहे. एका गाळ्यात बसून आम्ही आपल्या सभासदाचाच बोर्ड दुरुस्त होताना पाहिला. सुमारे तासाभराचे काम.

कारागिराने इस्त्रीला हात लावण्याआधी मीटर घेतला. रिलेचे काँटॅक्ट चिकटलेत का, वॅरिस्टर फुटलाय का, हे पाहिले, आणि "कॉन्टॅक्टरची कॉइलसुद्धा घेऊन यायची होती," असे सुनावले. बरोबरच आहे. कारण न शोधता ट्रॅक जोडला तर तो पहिल्याच रात्री पुन्हा उडणार.

नंतर ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुतला. जळालेल्या जागी पाटी काळी पडली होती. तो काळा भाग त्याने खरवडून पार काढून टाकला, थोडा तर कोरूनच काढला. पाटीचा कोळसा झाला की त्यातून वीज वाहते. ४१५ व्होल्टच्या दोन ट्रॅकमध्ये असा कोळसा राहिला तर वरून कितीही सुबक जोडले तरी पुन्हा ठिणगी पडते. आमच्या मते नवशिक्याचे काम इथेच फसते.

पुढे दोन्ही टोकांचे हिरवे आवरण पाच-सहा मिलिमीटर खरवडून लखलखीत तांबे उघडे केले आणि त्याला कथील-शिशाचे पाणी दिले. ही आपली कल्हईच. फरक एवढाच की कल्हईवाला नवसागर वापरतो, तो इथे चालत नाही. नवसागर किंवा ॲसिडची पेस्ट मागे राहिली तर तांबे खाते. इथे रोझीन, म्हणजे राळ, लागते.

आता जोड. सोल्डरचा जाड थर ओढून फट भरणे ही सर्रास दिसणारी पद्धत आहे. ती आम्हाला पसंत नाही आणि कारागिरालाही नव्हती. सोल्डर तांब्यापेक्षा विजेला सुमारे आठपट अधिक अडवतो. शिवाय नेहमीचा सोल्डर १८३ ते १९० अंशांना वितळतो, तर तांबे १०८५ अंशांना. म्हणून मध्ये तांब्याची तारच हवी. ती किती जाड? ३ मिलिमीटर रुंद ट्रॅकमधले तांबे वाइंडिंगच्या २८ नंबरच्या तारेइतके भरते; दीड मिलिमीटरच्या ट्रॅकला ३३ नंबर पुरते. मोटार भरणाऱ्याच्या दुकानात या तारा पडलेल्याच असतात. टोकांवरचा वार्निश मात्र खरवडायला हवा. आणि "जाडच टाका, कटकट नको" असा आग्रह धरू नका. कधी कधी बारीक रेघ मुद्दाम फ्यूज म्हणून ठेवलेली असते. तिथे जाड तार टाकली तर पुढच्या वेळी रेघ वाचेल, पण रिले किंवा कॉइल जाईल.

आपल्या बोर्डाला त्याने जळक्या जागेवरून तार नेलीच नाही. रिलेच्या पायापासून थेट टर्मिनलच्या पायापर्यंत आवरण असलेली तार कडेने फिरवली. याला जंपर म्हणतात. दाब जास्त असेल तिथे हीच रीत खात्रीची. उचललेला ट्रॅक ओढून काढू नये, एपॉक्सीने खाली चिकटवावा. शेवटी मीटरने सलगता तपासली, शेजारच्या ट्रॅकला काही लागत नाही ना ते पाहिले आणि दोन्ही बाजूंना इन्सुलेटिंग वार्निशचा हात दिला.

सगळेच बोर्ड असे दुरुस्त होत नाहीत. काहींमध्ये चार-चार थर असतात, आतला ट्रॅक दिसतही नाही. काही मोबाईल स्टार्टरचे बोर्ड काळ्या राळेत बुडवलेले असतात. ते फोडण्यात अर्थ नाही. सौर पंपाचा कंट्रोलर तर उघडूच नये. सरकारी योजनेतील पंपांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते, ती कशाला घालवता? शिवाय उन्हात पॅनेलकडून येणारा दाब बटण बंद केल्याने जात नाही. स्टार्टरच्या बाबतीतही बोर्ड काढण्यापूर्वी तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवावेत, आणि कंडेन्सर उतरायला थोडा वेळ द्यावा.

इथे एक प्रश्न हमखास येतो: "मग काट्याचा बोर्डही असाच जोडतात काय?" नाही. वजनकाट्याच्या लोडसेलमधून येणारा संकेत फार बारीक असतो. समजा ६० टनांना २० मिलिव्होल्ट मिळतात. तर १० किलोंना साडेतीन मायक्रोव्होल्टसुद्धा भरत नाहीत. तिथे ओल्या पाटीतून होणारी थोडीशी गळती किंवा एखादा कच्चा जोडही वजन बदलू शकतो. म्हणून काट्याची दुरुस्ती परवानाधारकानेच करायची, आणि नंतर वैधमापन विभागाकडून फेरपडताळणी होऊन शिक्का लागल्याशिवाय त्यावर एकही गाडी तोलायची नाही, असा कायदा आहे. हा शिक्का व पडताळणीची तारीख पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. गाडीबरोबर याल तेव्हा जरूर पाहा.

दुरुस्तीला जाताना नुसता बोर्ड नेऊ नये. कॉन्टॅक्टर न्यावा, निदान त्याच्या कॉइलवरचा व्होल्टेजचा आकडा लिहून न्यावा. तारा सोडण्यापूर्वी मोबाईलवर जोडणीचा फोटो काढावा, जळालेला तुकडा पुसून साफ करू नये, आणि मोटार किती अश्वशक्तीची आहे तेही सांगावे. तोवर डब्यातली माती झाडून दरवाजाची रबरपट्टी बदलून ठेवावी.